फ्लटरमध्ये आयत: चार आकडे द्यावेत की बिंदू आणि आकार?

फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचात ‘रेक्ट’ (म्हणजे पडद्यावरचा आयत) तयार करण्याचे मार्ग अनेक असले तरी रोजच्या कामात खरी निवड दोनच पद्धतींमध्ये असते: फ्रॉमएलटीडब्ल्यूएच (डावी कड, वरची कड, रुंदी, उंची) किंवा फ्रॉमएलटीआरबी (डावी, वरची, उजवी, खालची कड) या कन्स्ट्रक्टरांना, म्हणजे आयत तयार करून देणाऱ्या फंक्शनांना, चार सुटे आकडे देणे, अथवा हाती असलेले ऑफसेट (सुरुवातीचा बिंदू) आणि साइझ (रुंदी-उंची) ‘&’ या चिन्हाने जोडणे. कोणत्याही वाटेने गेले तरी तयार झालेल्या रेक्टमध्ये शेवटी चार कडाच साठवल्या जातात, त्यामुळे वेगाचा विचार मी या निवडीत केलेला नाही.

चार आकड्यांची बाजू लंगडी नाही. आकडे आधीच ठरलेले असतील तर दोन्ही कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट म्हणून, म्हणजे कंपाइल होतानाच ठरणारे स्थिर मूल्य देण्यासाठी, वापरता येतात; ‘&’ने जोडलेल्या आयताला ती सोय नाही. शीर्षकपट्टीच्या खालच्या कडेपासून कीबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतची जागा हवी असेल, तर फ्रॉमएलटीआरबी चपखल बसतो, कारण उंची काढण्याची वजाबाकीच वाचते.

माझा कल दुसरीकडे झुकला तो एकाच त्रासामुळे. चारही आकडे डबल (दशांश संख्या) याच प्रकारचे असतात, त्यांना नावे नसतात, आणि तिसरा आकडा एका कन्स्ट्रक्टरमध्ये रुंदी असतो तर दुसऱ्यात उजवी कड. गल्लत झाली तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्यातही आयत (०, ०) पासून सुरू होत असेल तर ०, ०, १२०, ८० हे आकडे दोहोंपैकी कोणत्याही कन्स्ट्रक्टरला दिले तरी उत्तर तंतोतंत तेच येते, म्हणून गल्लत दडून राहते. पुढे तोच आयत (२००, ३००) वर न्यायचा म्हणून फ्रॉमएलटीआरबीला २००, ३००, १२०, ८० दिले, की रुंदी उणे ८० आणि उंची उणे २२० होते; आयत रिकामा आहे का हे सांगणारा इझएम्प्टी होकार देतो, बिंदू आयतात आहे का हे सांगणारा कन्टेन्स कोणत्याही बिंदूला नकारच देतो, आणि त्या जागेवरचा स्पर्श वाया जातो. अ‍ॅपलच्या स्विफ्ट भाषेत आयतासाठी वापरल्या जाणाऱ्या सीजीरेक्टमध्ये प्रत्येक आकड्याला लेबल असल्याने हा प्रश्न फारसा येत नाही. पण तेथून आलेल्याचा हात रुंदी-उंचीकडे वळतो आणि अँड्रॉइडच्या रेक्टची सवय असलेल्याचा उजव्या-खालच्या कडेकडे. असे दोघे एकाच कोडवर काम करत असले, की रिव्ह्यू करणाऱ्याला प्रत्येक ओळीपाशी थांबून कन्स्ट्रक्टरच्या नावातली शेवटची अक्षरे नीट वाचावी लागतात. आयतांच्या कोडमध्ये माझा सर्वाधिक वेळ यातच गेला आहे.

ऑफसेट आणि साइझ हे मात्र वेगळे प्रकार आहेत. क्रम उलटा लिहिला तर कोड कंपाइलच होत नाही. शिवाय स्वतः चित्र काढण्यासाठी असलेल्या कस्टमपेंटरमध्ये साइझ आधीच हाती मिळतो, तेव्हा ‘ऑफसेट.झिरो & साइझ’ एवढे लिहिले की संपूर्ण कॅनव्हासचा आयत तयार. कन्टेन्स विचारताना भोवती कंस घालावा लागतो, ही किरकोळ अडचण मला तरी जाचत नाही. प्रत्येकाची कामे वेगळी असतात, तरीही नवे कोड लिहिताना सुरुवात याच पद्धतीने करावी असे मला वाटते.

बोट ओढून निवड करण्याच्या चौकटीसाठी मात्र मी ही पद्धत वापरत नाही. बोट वर किंवा डावीकडे गेले की सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूंतला फरक उणे होतो. रेक्टचाच फ्रॉमपॉइंट्स हा कन्स्ट्रक्टर दोन बिंदूंमधून लहान-मोठे स्वतःच ओळखून सरळ आयत देतो.