निलंग्याची यादी चढेना: ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमची शेतकरी उत्पादक कंपनी लातूर जिल्ह्यातली. मुख्य कार्यालय लातूरला आणि औसा, निलंगा, उदगीर, चाकूर, रेणापूर इथं एकेक शाखा. शाखा म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, एक लॅपटॉप आणि तो चालवणारा एक ऑपरेटर. जून २०२४ पर्यंत सगळ्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरायच्या आणि "फायनल", "फायनल नवी", "फायनल नवी २" यांतली खरी कोणती, हे फोन करून विचारावं लागायचं. म्हणून आम्ही एकत्र काम करायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर बसवून घेतलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे ते मराठीत फायलींची नावं लिहिणाऱ्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं.

जे चांगलं आहे ते मनापासून चांगलं आहे. शाखेत लाइट गेली, नेट गेलं तरी काम थांबत नाही. नेट आलं की बदल आपोआप वर जातात. एकाच तक्त्यात पाच जण भरतात आणि कुणी काय बदललं ते दिसतं. मोबाइलवर मराठी टायपिंग नीट चालतं. शोध तेवढा कच्चा आहे, "शेतकरी" टाकलं तर "शेतकऱ्यांची" सापडत नाही.

आता ऑक्टोबरची गोष्ट. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली. त्यामुळं हमीभाव केंद्रावर नाव नोंदवायला सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन माणसं सकाळपासून दारात. प्रत्येक शाखेनं आपली अंतिम यादी सामायिक फोल्डरमध्ये टाकायची, नाव एकाच पद्धतीनं द्यायचं, असं मीच ठरवून दिलं होतं. ते असं: "औसा तालुका सोयाबीन हमीभाव खरेदी खरीप २०२४ नोंदणीकृत सभासद शेतकरी गावनिहाय अंतिम मंजूर यादी". औशाची आली, चाकूरची आली, उदगीरची आली. निलंग्याची येईना. पडद्यावर लाल पट्टी: "तुम्हाला या ठिकाणी लिहिण्याची परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा."

प्रशासक मीच. निलंग्याच्या ऑपरेटरचे अधिकार पाहिले, औशासारखेच होते. काढून परत दिले. पासवर्ड बदलला. ॲप काढून पुन्हा टाकलं, मोबाइलच्या नेटवरून करून पाहिलं. तीच पट्टी. "मॅडम, म्या कशालाच हात लावला नाही ओ," असं तो पोरगा फोनवर परत परत सांगत होता. विक्रेत्याच्या मदत केंद्राचं उत्तर आलं ते एवढंच, की कॅश साफ करा आणि अधिकार तपासा.

यात दोन दिवस गेले, आणि या दोन दिवसांत जे झालं त्याचा मला अजून त्रास होतो. अंतिम यादी हा नाजूक मामला आहे. एखाद्या शाखेची यादी उशिरा आली की मागून कुणाचं तरी नाव घुसवलं जातंय, असा संशय यायला वेळ लागत नाही. संचालक मंडळात एकानं विचारलंच, "परवानगी नाही म्हणतंय, म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार ना?" मशीननं लिहिलेलं वाक्य माणसं पुरावा म्हणून वाचतात. त्या मुलाला मान खाली घालून बसलेलं मी पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्याची फाइल मागवून घेतली आणि माझ्या लॅपटॉपवरून, माझ्या खात्यातून चढवली. मलाही परवानगी नाही! ज्या खात्यातून सगळ्यांना अधिकार दिले जातात त्याच खात्याला? म्हणजे अधिकारांचा प्रश्नच नव्हता. दुपारी रेणापूरचीही यादी त्याच पट्टीवर अडली. तेवढ्यात निलंग्याहून फोन आला, "मॅडम, नुसतं यादी१ नाव दिलं तर गेली बगा."

मग मी नाव थोडं थोडं कापत बसले. "मंजूर" काढलं, चढली. परत घातलं, अडली. शेवटी "यादी"ची वेलांटी तेवढी काढून "याद" केलं आणि फाइल चढली. एका वेलांटीवर परवानगी अडली होती! सर्व्हर बसवून देणाऱ्या मुलाला हे सांगितल्यावर त्यानं सर्व्हरची नोंदवही उघडली. तिथं त्रुटी क्रमांक ३६ स्पष्ट होता: "फाइल नेम टू लाँग". सर्व्हरला खरं कारण माहीत होतं. मधल्या सॉफ्टवेअरनं ते "परवानगी नाही" असं करून आमच्यापर्यंत पोचवलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सर्व्हरच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. बाइट म्हणजे संगणकात माहिती साठवायचं माप. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. "नोंदणीकृत" डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, सर्व्हरच्या हिशेबी ती नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. मी सगळी नावं मोजली. शेवटच्या ".xlsx"सकट औशाचं २४९, निलंग्याचं २५८, रेणापूरचं २६१. चाकूर आणि उदगीर बरोबर २५५, काठावर बसलेले. विंडोजमध्ये नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजत नाहीत, तिथं आमच्या चिन्हाला एकच जागा लागते. निलंग्याचं अख्खं नाव तिथं ९८ चिन्हांचं, म्हणून लॅपटॉपवर ते बिनतक्रार जतन व्हायचं. उदगीरच्या सहकाऱ्यानं तेच नाव उर्दूत लिहून पाहिलं, सहज गेलं. उर्दूची अक्षरं दोन बाइटची.

मंडळात लगेच सूचना आली की यापुढं नावं इंग्रजीत द्या. मी ती मान्य केली नाही. आमचे ऑपरेटर मराठीत विचार करतात, गावांची नावं इंग्रजीत लिहायला लागले की एकाच गावाची तीन स्पेलिंगं होतात आणि शोधायला पुन्हा फोन. २५५ची मर्यादा एकेका नावाला आहे, पूर्ण मार्गाला, म्हणजे सगळे फोल्डर आणि फाइल यांची नावं मिळून, ४,०९६ बाइट मिळतात. म्हणून नावातली माहिती फोल्डरांत वाटली: "खरीप २०२४" फोल्डर, त्यात "निलंगा", त्यात "सोयाबीन मंजूर यादी". दिसायला तीस-पस्तीस अक्षरांच्या आत नाव ठेवा, एवढाच नियम शाखांना दिला. नोव्हेंबरमध्ये केंद्रानं सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली तेव्हा ते पत्रक आणि सुधारित याद्या पाचही शाखांत त्याच दिवशी फिरल्या, एकही अडली नाही.

पुढच्या मासिक बैठकीत मी बाइटचा हा हिशेब फळ्यावर मांडला. निलंग्याचा ऑपरेटर समोर बसला होता. चूक नावाच्या लांबीची होती आणि ते लांब नाव मी ठरवलं होतं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. ज्यांनी संशय घेतला होता त्या संचालकांनी त्याला जवळ बोलावून, "बाळा, मनात ठेवू नको," म्हटलं.

वर्गणी आम्ही आणखी वर्षभरासाठी भरली आहे, कारण रोजच्या कामाला हे सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. पण ती लाल पट्टी आज मार्चमध्येही तशीच आहे. परवा मुद्दाम लांब नाव देऊन पाहिलं. विक्रेत्याला मी नोंदवहीच्या चित्रासकट दोनदा लिहिलंय आणि हवं ते वाक्यही मराठीत देऊन ठेवलंय: "फाइलचं नाव फार लांब आहे. थोडं लहान करून पुन्हा पाठवा." तिसरं पत्र या आठवड्यात जाईल.