आठ महिने वापरल्यावर: कॅमेऱ्यापेक्षा दुकानाबद्दल जास्त

मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी आणि किट लेन्स (बॉडीसोबतच विकली जाते ती) घेऊन आठ महिने झाले, मागाहून एक सेकंडहँड टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्सही घेतली. फोटो कसे येतात यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी खरेदीबद्दलच लिहिते, कारण पाचव्या महिन्यात किट लेन्सचा ऑटोफोकस बंद पडला तेव्हा कामाला आलं ते बिल.

आधी मी भलत्याच एका वेबसाइटवर ऑर्डर दिली होती. किंमत बाकी सगळीकडच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. संध्याकाळी ‘ऑर्डर कन्फर्म करायला’ फोन आला. ‘मॅडम, या किमतीत बॅटरी-चार्जर येत नाही, ते वेगळं घ्यावं लागेल.’ अहो, बॅटरी तर कंपनीच खोक्यात घालून देते! नको म्हटल्याबरोबर त्याचा सूर बदलला आणि मघाशी तयार असलेला माल अचानक सहा आठवड्यांवर गेला. ऑर्डर रद्द केली तरी पैसे परत येईनात. क्रेडिट कार्डाने भरले होते, म्हणून बँकेकडे तक्रार करून मिळाले. थेट खात्यात पाठवले असते तर गेलेच होते.

मग कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी उघडली आणि त्यातलं दुकान निवडलं. दुकानाने आपल्या पाटीवर ‘अधिकृत’ लिहिलेलं मी धरत नाही. ग्रे मार्केटचा माल नकली नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅमेरा अस्सलच, पण दुसऱ्या देशातल्या विक्रीसाठी बनलेला आणि अधिकृत वितरकाला वगळून आणलेला. त्यावर मिळते ती बहुधा ‘दुकानाची वॉरंटी’. काही कंपन्या असा कॅमेरा पैसे देऊनही दुरुस्तीला घेत नाहीत.

बिलावर आधी फक्त मॉडेलचं नाव होतं. मी हट्टाने बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर घालून घेतले, खोक्याशी आणि वॉरंटी कार्डाशी ताडून पाहिले. पाच महिन्यांनी सर्व्हिस सेंटरमधल्या ताईंनी लेन्स उलटी धरली, त्यावरचा बारीक नंबर बिलावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत जुळवला आणि काही न बोलता पावती फाडली. अकरा दिवसांत लेन्स दुरुस्त होऊन आली, एक पैसा लागला नाही.

सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च न्याच. पहिली लेन्स वरून चकचकीत होती. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं छिद्र, पूर्ण उघडून मागून उजेड टाकला, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फंगस. ती तशीच परत दिली. जुनी बॉडी घेणार असाल तर शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा, विचारा. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा लिहून ठेवतो त्या माहितीत) सापडतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तसा मिळत नाही.

माल परत करायची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या कराच. अॅपर्चर बारीक करून, एफ/१६ ला, उजळ, कोऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ लावून अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा धूसर असेल तर लेन्समधली एखादी काच तिरकी बसलेली असू शकते.

फसले मी मेमरी कार्डात. मोठ्या मार्केटप्लेसवरून घेतलं, पण खाली विक्रेत्याचं नाव कोणाचं आहे ते वाचलंच नाही. वर १२८ जीबी छापलेलं. एच२टेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासलं तेव्हा खरी जागा १६ जीबीसुद्धा भरली नाही. कॅमेरा मात्र निमूटपणे १२८ दाखवत होता. न तपासता वापरलं असतं, तर जागा संपल्यावरचे सगळे फोटो गेले असते.

माझ्या दुकानाबद्दल तक्रार एकच, ईमेलला उत्तर यायला तीन-तीन दिवस लागतात. तरी पुढची लेन्स तिथूनच घेणार. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. माझं थर्मल कागदावर छापलंय, त्यावरचे सीरियल नंबर आत्ताच फिके पडलेत.