नायट्रेट शून्य होतं, तरी मी त्याला उरलेले पैसे दिले

माझी टाकी 180 बाय 60 बाय 60 सेंटीमीटरची, म्हणजे 648 लिटरची. रेती आणि लाकूड वजा जाता पाणी साधारण 580 लिटर. मासे नऊ होते, 4 ऑस्कर आणि 5 सिल्व्हर डॉलर. अकरा दिवसांत त्यातले 6 गेले. फिल्टर बसवणाऱ्याला तोवर सगळे पैसे पोचले होते. 60 टक्के आगाऊ, 30 टक्के माल आल्यावर आणि शेवटचे 10 टक्के त्याने ‘सायकल पूर्ण झाली’, म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू टाकीत रुजले, असं दाखवल्यावर. त्या 10 टक्क्यांनीच माझा जीव सगळ्यात जास्त जळतो, कारण तेवढे माझ्या हातात होते.

असली माणसं कशी बोलतात, ‘शेवटचा एकच सेट उरलाय’ कधी म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. मी काही नवखी नाही. सात वर्षं 90 लिटरची टाकी साध्या स्पंज फिल्टरवर सांभाळली आणि पाणी बिघडून एकही मासा गेला नाही. पण मोठी टाकी आणि ऑस्करसारखा मासा म्हणजे वेगळंच गणित. तो फुटापेक्षा मोठा होतो आणि घाणही तेवढीच करतो. म्हणून जाणकार माणूस बोलवावा असं वाटलं. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कळत नाही.

त्याने मोठा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, लावला. म्हणाला, ‘ताई, 2 मीटर उंचीवरसुद्धा तासाला 4000 लिटर फेकतो. आत 12 लिटर सच्छिद्र काचेचा मीडिया आहे. सहा महिने झाकण उघडायचं नाही. तुम्ही फक्त मासे बघा, पाणी माझ्यावर सोडा.’ मीडिया म्हणजे जिवाणू ज्यावर वस्ती करतात ते साहित्य. वर त्याने जिवाणूंची एक बाटली ओतली आणि चोवीस तासांत टाकी तयार होईल असं सांगितलं.

सहा महिने उघडायचं नाही, हे ऐकूनच त्याला दार दाखवायला हवं होतं. यांत्रिक गाळणी घाण नाहीशी करत नाही, फक्त एका जागी धरून ठेवते. स्पंज किंवा फ्लॉस (कापसासारखा बारीक गाळणीचा थर) धुवेपर्यंत ती विष्ठा त्याच पाण्यात कुजत राहते. म्हणून आधी जाड स्पंज, मग बारीक, मग फ्लॉस आणि त्यानंतर जैविक मीडिया, असा क्रम लावतात. याने फ्लॉस सगळ्यात शेवटी लावला होता. सगळा गाळ मीडियावर बसत होता. बंद कॅनिस्टर असल्यामुळे मला ते दिसलं नाही.

आता तो क्षण. तिसऱ्या दिवशी तो पाणी तपासायची पट्टी घेऊन आला. पाण्यात बुडवली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, ‘बघा, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. एकदम स्वच्छ.’ मी मान डोलावली आणि तिथल्या तिथे 10 टक्के पाठवले.

नायट्रेट शून्य! टाकीत 9 मासे, तीन दिवस दोन वेळा खाणं आणि नायट्रेट शून्य. जिवाणूंनी माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट केलं असतं, तर शेवटचा आकडा वर चढायलाच हवा होता. तो शून्य होता, म्हणजे काम सुरूच झालं नव्हतं. हे मला पाठ आहे. भाचीला मी हेच शिकवलं होतं. तरीही त्या क्षणी मी पट्टीचा रंग पाहिला आणि विचार केलाच नाही. शिवाय त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता! बाजारातल्या पुष्कळ पट्ट्यांवर तो नसतो. माझ्याकडे अमोनियाही मोजणारं थेंबांचं किट होतं, कपाटात, चार पावलांवर.

पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाला येऊन धापा टाकू लागले. तेव्हा किट काढलं. अमोनिया 4 मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच 8, पाणी 28 अंश. पीएच 7 वर असता, तर त्यातला विषारी भाग याच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतकाच असता. अर्धं पाणी बदललं, क्लोरीन मारणारं औषध घातलं, खाणं बंद केलं. तोवर दोघांचे कल्ले गेले होते. मोठा ऑस्कर नवव्या दिवशी गेला. तो माझ्या हातून खायचा.

मग कॅनिस्टर उघडला. वरच्या टोपलीत खरा मीडिया, फक्त 2 लिटर. खालच्या तीन टोपल्यांत गुळगुळीत, चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या नळ्या, 10 लिटर. त्यांच्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा, घरंगळून जातो. सच्छिद्र मीडिया कोरडा असेल तर थेंब शोषून घेतो. पैसे देण्याआधी एवढं एकच करा, अर्धं मिनिटही लागत नाही.

बाहेर येणाऱ्या नळीखाली 20 लिटरची बादली धरली. भरायला 80 सेकंद लागले, म्हणजे तासाला 900 लिटर. मीडिया भरल्यावर प्रवाह कमी होतो, ते मान्य. पण 4000 चे 900? मोटारीवर 18 वॅट छापलेलं होतं. तासाला 4000 लिटर पाणी 2 मीटर वर चढवायला, काहीही वाया न जाता, जवळपास 22 वॅट लागतात. खोटेपणा मोटारीवरच लिहिलेला होता आणि मी तो वाचला नाही.

बाटलीवर तारीख नव्हती. जिवाणूचं नाव फक्त नायट्रोबॅक्टर. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे दुसरे जिवाणू करतात, हे 1998 मध्येच छापून आलं आहे. चांगल्या बाटल्या असतात, नाही असं नाही. पण ‘चोवीस तासांत मासे सोडा’ म्हणणाऱ्याची बाटली घेऊ नका.

तक्रारीचं काय झालं, ते ऐका. पोलीस म्हणाले, ‘माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद.’ ग्राहक तक्रार कक्षाने पक्कं बिल मागितलं. बिलावर त्याने फक्त ‘फिल्टर संच’ लिहिलं होतं. ना लिटर, ना वॅट, ना मीडियाचं नाव. पैसे ज्या अॅपवरून गेले, त्यांनी उत्तर दिलं की व्यवहार तुमच्याच संमतीने झाला आहे. अरे, संमती खऱ्या मीडियाला होती, नळ्यांना नव्हती! मी बादलीचा व्हिडिओ पाठवला, मोटारीवर छापलेल्या वॅटचा फोटो पाठवला, थेंबांच्या किटचे आकडे तारखेसह पाठवले. कक्षातल्या बाईंनी विचारलं, ‘मासे फिल्टरमुळेच मेले याचा दाखला आहे का?’ मेलेल्या माशाचा दाखला कोण देतं, ते तुम्हीच सांगा. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘ते तुम्ही बघा.’ 41 दिवसांत चार वेळा फोन केला, चारही वेळा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. शेवटी संदेश आला : तक्रार निकाली. काय निकाल लागला, ते त्यात नाही.

बिलावर मीडिया किती लिटर आणि कोणता, हे लिहून घ्या. लिहायला तयार नसेल, तर तिथेच थांबा. पृष्ठभागाचे प्रचंड आकडे सांगितले तर भुलू नका, जिवाणू शिरूच शकत नाहीत इतकी बारीक छिद्रंही त्यात मोजलेली असू शकतात. मीडिया नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळायचा. शेवटचा हप्ता पाच-सहा आठवडे रोखा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट चढलेलं, हे स्वतःच्या किटवर पाहिल्याशिवाय देऊ नका.

एका मैत्रिणीने तिच्या जुन्या टाकीतला, जिवाणू रुजलेला काळा पडलेला स्पंज दिला. तोच आता एका मोठ्या स्पंज फिल्टरशेजारी चालू आहे. उरलेले तीन सिल्व्हर डॉलर त्यावरच तगले. पाच आठवड्यांनी माझ्या किटवर पहिल्यांदा दोन शून्यं आणि नायट्रेट 20 दिसलं. त्या 10 लिटर नळ्या मी पिशवीत बांधून, वर तारीख घालून ठेवल्या आहेत. पुन्हा तक्रार करणार आहे आणि या वेळी पिशवी घेऊनच जाणार आहे.