थेनीची मेस: केळीच्या कामाला जाणाऱ्या रावेर-सावदेकरांसाठी

सावद्याजवळच्या ज्या पॅकहाऊसवर मी आहे, तिथून मला आणि नानांना तमिळनाडूतल्या थेनीला पाठवलं होतं. निर्यातीची केळी तिकडं झाडावरून कशी उतरवतात, फण्या कशा धुतात, १३ किलोच्या खोक्यात कशा बसवतात, ते बघून यायचं. कंपनीच्या खर्चानं माझा हा पहिलाच दौरा. केळीचं जे पाहिलं ते साहेबांना लिहून दिलं आहे. हे लिहितोय जेवणाबद्दल, कारण आमची अजून पोरं तिकडं जाणार आहेत आणि सगळे मला एकच विचारतात: खायचं काय?

भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसनं बंगळुरू, तिथून रात्रीची बस. सकाळी उतरलं की चारी बाजूंनी डोंगर दिसतात आणि वारा लागतो. गाव जिल्ह्याचं, पण आवाका आपल्या भुसावळपेक्षा लहान वाटतो. नेहरू पुतळ्याच्या चौकातून पेरियकुळम रस्त्याला लागा. थोडं पुढं गेलं की ही मेस. पाटी सगळी तमिळमध्ये, त्यामुळं नाव सांगता येत नाही. दारात केळीच्या पानांचे भारे दिसले आणि दुपारी एकला बाहेर मोटारसायकलींची रांग दिसली, की आत शिरा.

पानापासूनच सुरुवात करतो. आपल्या बागेत पानाला कोण विचारतं? करपा दिसला की कापून टाकायचं, नाहीतर हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला चार तोडायची. तिकडं पानाचा वेगळा धंदा आहे. पूवन, मोंथन, करपूरवल्ली अशा जाती पानासाठीही चालतात, कारण पान मऊ आणि चिवट. नानांनी बसल्या बसल्या पान बोटांत धरून चोळून पाहिलं, शिरेवर दुमडून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या ग्रँड नैनचं असतं तर इथंच फाटलं असतं." शेजारचा माणूस बघत राहिला. त्याला वाटलं असेल, यांनी पान पहिल्यांदाच पाहिलं.

पान मांडायचं आपल्या पंगतीसारखंच, शेंडा डाव्या हाताला. पाणी शिंपडून पुसून घ्यायचं. मग वाढपी येतात, एकामागून एक, स्टीलच्या बादल्या घेऊन. लोणचं, एक सुकी भाजी, एक डाळ-नारळाची पातळसर भाजी, पापड. मधोमध भाताचा ढीग. त्यावर सांबार. ते संपलं की चिंचेचं आंबट-तिखट कोळंबू. मग पुन्हा भात आणि रसम, शेवटी पुन्हा भात आणि ताक. एका बाजूला वाटीभर पायसम. हे सगळं १२० रुपयांत, हवं तेवढं.

आता 'हवं तेवढं' आपल्याकडंही पाटीवर असतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर अशा पाट्या ढिगानं आहेत. पण तिसरी पोळी मागितली की वाढपी कुठं गडप होतो ते कळत नाही. इथं उलटं. हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून भात पडतो. थांबवायचं असेल तर पानाचा वरचा अर्धा भाग आपल्याकडं दुमडून उठा, त्याशिवाय सुटका नाही. भाषा येत नाही म्हणून कुणी टाळलं नाही, उलट आमच्या पानाकडं त्यांचं जास्त लक्ष होतं.

चव? रसम फर्स्ट क्लास. मिऱ्याचा झणका घशाला लागतो, नाक मोकळं होतं. पण ज्याला शेवभाजीची लाल तर्री हवी, त्याची जीभ उपाशी राहते. आणि भाकरी नाही. ज्वारीची नाही, कळण्याची तर विचारूच नका. भातानं पोट तट्ट फुगतं आणि चारला पॅकहाऊसवर उभं असताना परत रिकामं होतं. नाना तर रोज संध्याकाळी पिशवीतली दशमी काढून बसायचे, संपेपर्यंत.

भिंतीवर मुरुगनच्या शेजारी एका गोऱ्या साहेबाचा हार घातलेला फोटो आहे. जॉन पेनीक्विक, मुल्लपेरियार धरण बांधणारा इंजिनिअर. धरण १८९५ चं. केरळच्या बाजूचं पाणी डोंगरातून बोगद्यानं इकडं आणलं, आणि कंबम खोऱ्यातली शेती त्यावर उभी राहिली. म्हणून इथं हा साहेब घरोघरी देवाजवळ. नाना बराच वेळ फोटोकडं बघत होते. त्यांच्या ट्यूबवेलचं पाणी दरवर्षी खाली चाललंय. म्हणाले, "आपल्या हतनूर धरणाच्या इंजिनिअरचं नाव सांग बरं." मला कुठून येणार?

रात्री मेस बंद असते. मग परोट्याच्या गाड्या. मैद्याचा पदर सुटलेला परोटा, सोबत पातळ रस्सा. कोत्तू परोटा, म्हणजे तुकडे करून परतलेला परोटा, करताना तव्यावर दोन पत्र्यांचा जो कडकडाट चालतो, तो दोन गल्ल्या पलीकडं ऐकू येतो. एखाद-दुसऱ्या दिवशी मजा येते, रोज पोट ऐकत नाही. कॉफी मात्र कुठंही घ्या, टपरीवरचीही चांगली निघाली. चहाच्या वाटेला जाऊ नका.

राहायला बसस्टँडजवळ जो लॉज कंपनीनं बघून दिला होता, त्याचं नाव घेत नाही. गरम पाणी सकाळी सातनंतर संपतं, आणि पॅकहाऊसवरून हातांना केळीचा चीक लागून आलेल्या माणसाला ते संध्याकाळीच लागतं. दुसरा बघा, आणि आधी गरम पाण्याचं विचारा.

घरून ठेचा न्या, बाटली घट्ट बंद करून. आमच्यातला थोडा मेसच्या मालकांनी ताकभातावर घेतला, वर पाणी प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी हातानंच खूण करून परत मागितला.

माझ्याकडून मेसला पाचपैकी साडेचार. अर्धा भाकरीचा कापला. नाना तीनच म्हणतात, आणि भाकरी नसलेल्या हॉटेलला ते तीनच्या वर जात नाहीत हे आमच्या पॅकहाऊसवर सगळ्यांना ठाऊक आहे.