ऑस्कर मासा: नदीतला आणि काचेच्या टाकीतला

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाने राहणारा ऑस्कर आणि घरातील टाकीत वाढणारा ऑस्कर यांची जात एकच असली, तरी त्यांचे जगणे फार वेगळे आहे. नदीत तो लहान मासे, कीटक, झिंगे असे जे सापडेल ते खातो. टाकीत अन्न आयते मिळते, त्यामुळे तो सहज गरजेपेक्षा अधिक खातो. शेपटीच्या मुळाशी असलेला डोळ्यासारखा ठिपका पर कुरतडणाऱ्या पिरान्हांची दिशाभूल करतो, असे मानले जाते. टाकीत तो शोभेपुरताच उरतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक पाण्याचा आहे. नदीत मलमूत्र प्रवाहाबरोबर विरळ होत जाते, तर टाकीत त्यातून अमोनिया साचतो. गाळणीतील जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात खरे, पण हे नायट्रेट कमी ठेवण्यासाठी ठरावीक दिवसांनी पाणी बदलावेच लागते. विकत आणलेले बोटभर पिल्लू पुढे ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणून एकट्या माशासाठीही सुमारे ३०० लिटरची टाकी हवी.

शिकारी मासा म्हणून त्याला जिवंत गोल्डफिश खाऊ घालणे मात्र चुकीचे आहे. नदीतील आहारात विविधता असते. केवळ गोल्डफिशवर पोसल्यास त्यांच्यातील थायमिनेज या विकरामुळे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते, शिवाय परजीवीही टाकीत येतात. गोळीखाद्य, झिंगे आणि गांडुळे त्याला अधिक मानवतात.