न दिसणाऱ्या तारा : ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची ब्लू-रे आवृत्ती

जुने-नवे निवडक चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने २०२० साली काढलेली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १९५३ च्या चित्रपटाची ब्लू-रे गेल्या दिवाळीत माझ्या हाती आली. तेव्हापासून ती मी चार वेळा लावली आहे : दोनदा एकटीने, एकदा मुलाबरोबर आणि एकदा नुसता आवाज ऐकायचा म्हणून टीव्हीकडे पाठ करून. चित्रपट ८५ मिनिटांचा आहे. मंगळावरून आलेली यंत्रे कॅलिफोर्नियातील लिंडा रोझा नावाच्या काल्पनिक गावाजवळ उतरतात, वाटेतले सगळे जाळत लॉस एंजेलिसपर्यंत पोचतात आणि अखेर पृथ्वीवरच्या जिवाणूंनी मरतात, एवढेच त्याचे कथानक आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीवरून ते घेतले आहे. मात्र निर्माते जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक बायरन हॅस्किन यांनी ते व्हिक्टोरियन इंग्लंडमधून उचलून शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकेत आणून बसवले. शेवट इतका प्रसिद्ध आहे की तो आधीच सांगून टाकल्याचा दोष मला लागू नये.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९८७ च्या मे महिन्यात, सोलापूरला मामाच्या घरी. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणण्याचे ते दिवस होते, आणि पैसे रात्रीच्या हिशेबाने मोजलेले असल्यामुळे झोपणे हा निव्वळ तोटा समजला जाई. कॅसेटवाल्याने तीन हिंदी चित्रपटांवर एक इंग्रजी कॅसेट फुकट दिली होती. पहाटे तीनच्या सुमारास मोठी माणसे जागच्या जागी पेंगू लागली, तेव्हा दादाने ती लावली. आम्हा चौघा मुलांपैकी कोणालाही पडद्यावरचे इंग्रजी समजत नव्हते आणि चित्रात मधूनमधून आडव्या रेघा येत होत्या. तरीही चौघेही एकाच चादरीखाली कधी आलो ते आम्हाला कळले नाही. रोजच्या सवयीने उठलेल्या आजीने शेवटची दहा मिनिटे उभ्याउभ्या पाहिली. मामाने अर्धवट झोपेत तिला काय झाले ते सांगितले, तेव्हा “एवढी जाळपोळ करून शेवटी पडशा-तापानं गेले होय?” असे म्हणून ती दूध तापवायला निघून गेली. चित्रपटाचे इतके नेमके सार मी त्यानंतर कुठे वाचलेले नाही.

भाषा न कळताही तो आम्हाला कळला, याचे कारण या खेपेला ध्यानात आले. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी कोणी बोलून सांगत नाही. त्या दाखवल्या जातात. मंगळावरची यंत्रे ज्या उल्केतून येतात ती पडल्यानंतर गावात नाचाचा कार्यक्रम चालू असतो. अचानक दिवे जातात, दूरध्वनी बंद पडतो आणि मग एकेकाच्या लक्षात येते की सगळ्यांची घड्याळे एकाच वेळी थांबली आहेत. नायक, म्हणजे जीन बॅरीने रंगवलेला शास्त्रज्ञ डॉ. फॉरेस्टर, एक टाचणी घड्याळाजवळ नेतो आणि ती चिकटते. होकायंत्राची सुई उत्तर सोडून उल्का पडली त्या दिशेकडे वळलेली असते. शाळेत लोहचुंबकाभोवती टाचण्या नाचवलेल्या कोणत्याही मुलाला एवढे पुरते. आक्रमणाची पहिली वर्दी स्फोटाने न देता थांबलेल्या घड्याळाने देण्यात जी समज आहे, ती मला आजच्या दसपट खर्चाच्या चित्रपटांत क्वचित आढळते.

आता तारांविषयी, कारण ही ब्लू-रे घेण्याचे खरे कारण तेच आहे. नोकरीला लागल्यावर मी या चित्रपटाची डीव्हीडी हौसेने घेतली होती आणि ती पाहून खट्टू झाले होते. ज्या यंत्रांनी आमची झोप उडवली ती बारीक तारांना टांगलेली खेळणी होती, आणि त्या तारा वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या पडद्यावर लख्ख दिसत होत्या. लहानपणी आपण भोळे होतो, असे म्हणून मी तो विषय मिटवला आणि पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट विनोद म्हणून सांगत राहिले.

प्रत्यक्षात चूक माझ्या लहानपणच्या डोळ्यांची नव्हती. चित्रपट टेक्निकलरच्या तीन-पट्टी पद्धतीने चित्रित झाला होता. तीन रंगांच्या तीन निगेटिव्हांवरून रंग एकावर एक चढवून जी प्रत तयार होई, तिच्यात रंग दाट आणि सावल्या गडद असत आणि रेषांच्या कडा किंचित मऊ पडत. छायाचित्रकाराने आणि दृश्यपरिणामांचे प्रमुख गॉर्डन जेनिंग्ज यांनी प्रकाशयोजना केली ती हे गृहीत धरूनच. पुढे निराळ्या, स्वस्त पद्धतीने प्रती निघू लागल्या, चित्र उजळले, आणि १९५३ च्या प्रेक्षकाने कधी न पाहिलेल्या तारा त्याच्या नातवंडांना दिसू लागल्या. आमच्या कॅसेटचे चित्र मुळातच इतके गढूळ होते की त्यात तारा बुडून गेल्या. म्हणजे अगदी निकृष्ट प्रत आणि अगदी अस्सल प्रत या दोन्हींत यंत्रे हवेत तरंगतात. फसवते ती मधली. २०१८ साली हा चित्रपट मुळात काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओने मूळ निगेटिव्हांवरून फोर-के दर्जाचे पुनरुज्जीवन केले तेव्हा तारा संगणकावर पुसून टाकल्या. जुन्या कामाला हात लावू नये असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही, आणि एरवी मीही त्यांच्याच बाजूने बोलले असते. पण इथे जे पुसले ते नंतर उघडे पडलेले होते, त्यामुळे या खाडाखोडीला माझी हरकत नाही.

तारा गेल्यामुळे नजर यंत्रांवर ठरते, आणि ती ठरण्याच्याच लायकीची आहेत. वेल्स यांच्या कादंबरीतील यंत्रे तीन पायांवर चालणारी होती. कलादिग्दर्शक अल्बर्ट नोझाकी यांनी ती पाय नसलेली, पाकट माशासारखी सपाट आणि पसरट काढली, आणि वर नागाच्या फण्यासारखी डुलणारी मान बसवली. खड्ड्यातून पहिले यंत्र वर येते तेव्हा त्याखाली प्रकाशाचे तीन थरथरते झोत क्षणभर दिसतात; वेल्सच्या तीन पायांची तेवढीच खूण उरली आहे. सुमारे ४२ इंच रुंदीची ही प्रारूपे तांब्याची होती. ती तांब्याचीच आहेत हे मला पहिल्यांदा या ब्लू-रेवर दिसले. कॅसेटवर ती मातकट होती, डीव्हीडीवर कसल्याशा प्लास्टिकची वाटत होती. इथे मात्र चिंचेने घासलेल्या घंगाळाची झळाळी त्यांच्यावर आहे आणि कडेच्या हिरव्या दिव्याचे प्रतिबिंब त्या वळणावरून हळूच सरकताना दिसते. पर्ल हार्बरनंतर केवळ जपानी वंशाचे म्हणून नोझाकी यांना पॅरामाउंटमधून काढण्यात आले होते आणि कॅलिफोर्नियातील मांझानारच्या नजरकैद छावणीत ठेवण्यात आले होते. ज्या स्टुडिओने आपल्याला परके ठरवले, तिथेच परतून त्यांनी परक्यांची ही यंत्रे रेखाटली. चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, परंतु जेनिंग्ज हे चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, जानेवारी १९५३ मध्ये, वारले होते.

आवाजाबद्दल अधिक लिहायला हवे, कारण आमची भीती मुख्यतः कानांतून शिरली होती. जाळणारा किरण सोडण्याआधी यंत्राची मान वळते तेव्हा एक लयबद्ध घरघर होते, तिची पट्टी चढत जाते आणि मग किरणाचा चिरकणारा आवाज येतो. हा आवाज इलेक्ट्रिक गिटारींच्या ध्वनिमुद्रणाची फीत उलटी फिरवून केला होता. मंगळवासीयाची किंकाळी ध्वनिग्राहकावर शुष्क बर्फ (ड्राय आइस) घासून आणि तीत उलटी फिरवलेली एका स्त्रीची किंकाळी मिसळून तयार झाली. दोन्ही आवाज ओळखीच्या वस्तूंचे आहेत, पण त्यांची दिशा उलटी आहे, त्यामुळे कानाला ते ओळखीचे वाटत असतानाच अडखळायला होते. ब्लू-रेवर दोन ध्वनिपट्टे दिले आहेत : मूळ मोनो, आणि ध्वनिसंकल्पक बेन बर्ट यांनी नव्याने बांधलेला ५.१ सराउंड. नव्या पट्ट्यात यंत्र डावीकडून उजवीकडे जाताना खोलीतून गेल्यासारखे वाटते आणि पाहुण्यांना तोच ऐकवावासा वाटतो. मी मात्र मोनोच निवडेन. सगळा गोंगाट समोरच्या एकाच बिंदूतून येऊ लागला की सुटकेला दिशा उरत नाही, आणि पाठ करून ऐकण्याचा माझा प्रयोग मोनोवरच अधिक यशस्वी झाला. बाराव्या-तेराव्या मिनिटाला मी वळून पाहिलेच.

सर्वांत चांगला भाग मधला, उद्ध्वस्त शेतघराचा आहे. फॉरेस्टर आणि ॲन रॉबिन्सनने रंगवलेली नायिका सिल्व्हिया एका ओसाड घरात आसरा घेतात, तो तिच्यासाठी अंडी तळतो, दोघे चार शब्द बोलतात, आणि तेवढ्यात मंगळाचे आणखी एक यान घराला येऊन धडकते. पुढची दहाएक मिनिटे कॅमेरा घराबाहेर फारसा पडत नाही. धातूच्या लवचिक नळीच्या टोकाला बसवलेला एक डोळा आत शिरतो. लाल, हिरवा आणि निळा असे त्याचे तीन भाग आहेत, आणि तो वस्तू न्याहाळत, थांबत, पुन्हा मागे येत फिरतो. माजघरात शिरलेल्या सापाला चुलीजवळ बसून निमूट पाहणाऱ्या माणसांची जी अवस्था होते, तीच या दोघांची आहे. नंतर तीन लांब बोटांचा हात मागून सिल्व्हियाच्या खांद्यावर येतो. हा हात चार्ल्स जेमोरा यांचा. मंगळवासीयाचा अख्खा सांगाडा त्यांनी स्वतः बनवला आणि स्वतःच आत बसून हलवला. मंगळवासी सगळा मिळून काही सेकंदच दिसतो. नायकाचा चष्मा आणि गावकऱ्यांच्या टोप्या पाहून तोवर खुदखुदणाऱ्या माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने या जागी पाय सोफ्यावर घेतले. मी ते पाहिल्याचे त्याला सांगितलेले नाही.

लहानपणची भीती केवळ हातामुळे किंवा आवाजामुळे टिकली असती असे मात्र मला वाटत नाही. या चित्रपटात ज्यांच्याकडे मूल भरवशाने पाहते ती सगळी माणसे एकामागून एक हरतात. पांढरे निशाण घेऊन गेलेले तिघे जळून जातात. सिल्व्हियाचे पाद्री काका हातात बायबल धरून, प्रार्थना म्हणत यंत्रासमोर चालत जातात, आणि किरण त्यांनाही सोडत नाही. सैन्य हटते. मग अणुबाँब टाकतात. धूर विरतो आणि यंत्रे त्यातून तशीच पुढे सरकतात. शेवटची आशा असते शास्त्रज्ञांच्या उपकरणांची, तर ती घेऊन निघालेल्या गाड्या मंगळावरचे कोणी नव्हे, जीव वाचवून पळणारे शहरातलेच लोक अडवतात आणि सामान रस्त्यावर फेकून देतात. बापू, काका, मास्तर, पोलीस असे सगळे खोलीतून निघून गेले आणि दार उघडेच राहिले, तर मुलाला जसे वाटेल तसे ते आम्हाला वाटले होते. नंतरच्या अशा चित्रपटांत कोणीतरी चलाख माणूस ऐनवेळी युक्ती काढतो, म्हणून ते पाहून झोप लागते.

दोषही आहेत, आणि ते नव्या झळाळीत झाकले जात नाहीत. ॲन रॉबिन्सनच्या वाट्याला किंचाळणे आणि कॉफी वाटणे याखेरीज फारसे काही नाही. सैन्याच्या हालचालींचे तुकडे जुन्या साठ्यातील चित्रफितींचे आहेत आणि त्यांचा दाणेदारपणा आता अधिकच जाणवतो. वेल्स यांच्या कादंबरीतील धर्मगुरू भेदरट आणि अर्धवट वेडा होता. इथे त्याच्या जागी हुतात्मा आला आणि शेवट चर्चमध्ये झाला, तो मला आजही जरा जास्त गोड वाटतो. अर्थात जिवाणूंचा खुलासा आकाशातून पडलेला नाही. मंगळवासीयाचे रक्त तपासून ते अगदी अशक्त असल्याचे आधीच दाखवलेले आहे.

जोडसामग्री भरपूर आहे. दिग्दर्शक जो डान्टे, चित्रपट-इतिहासकार बॉब बर्न्स आणि लेखक बिल वॉरन यांचे समालोचन गप्पांच्या अंगाने जाते आणि त्यातून स्टुडिओतील कामाची खडान्‌खडा माहिती मिळते. बेन बर्ट आणि दृश्यपरिणामतज्ज्ञ क्रेग बॅरन यांचा आवाज व दृश्यपरिणामांवरचा भाग सर्वांत मोलाचा, कारण त्यात करून दाखवण्यावर भर आहे. याच कादंबरीवरचे ऑर्सन वेल्स (कादंबरीकार वेल्स नव्हेत, अमेरिकी नट-दिग्दर्शक) यांचे ३० ऑक्टोबर १९३८ चे रेडिओ नाट्यही संपूर्ण दिले आहे. ते दिवे मालवून ऐकावे. उपशीर्षके फक्त इंग्रजीत आहेत.

छापील किंमत ३९.९५ डॉलर. माझी प्रत दादाने न्यू जर्सीहून येताना आणली, त्यामुळे टपालखर्च वाचला, पण खरा खर्च पुढेच होता. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही; ही ब्लू-रे ‘ए’ विभागाची आहे आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो, त्यामुळे घरच्या प्लेअरने ती स्वीकारली नाही. शहरातील एका दुकानदाराने ‘ऑल रीजन’ म्हणून नवा प्लेअर माझ्या गळ्यात मारला. घरी आणल्यावर कळले की तो सर्व विभागांच्या डीव्हीडी चालवतो, ब्लू-रे नाही, आणि खोका उघडल्यामुळे तो परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला. अखेर दुसरीकडून खरोखर सर्व विभागांचा प्लेअर मागवला. हा उपद्व्याप टाळायचा असेल, तर पॅरामाउंटने २०२२ साली काढलेली फोर-के अल्ट्रा एचडी आवृत्ती पाहावी. त्या प्रकारच्या डिस्कला विभागाचे कुलूप नसते. मात्र तिला फोर-के प्लेअर लागतो. ब्लू-रेच घ्यायची असेल, तर आधी आपला प्लेअर उलटा करून मागे कोणते अक्षर छापले आहे ते पाहावे. आमच्याकडे आता तीन प्लेअर आहेत आणि त्यांपैकी दोन लग्नाच्या डीव्हीडीची वाट पाहत कपाटात बसले आहेत.