बाकदार केबल सुई: वेणीच्या विणीसाठी घ्यावीच

नातवासाठी वेणीच्या नक्षीचा बिनबाह्यांचा स्वेटर विणताना मधे बाक असलेली केबलची सुई, म्हणजे वेणीचे टाके तात्पुरते धरून ठेवायची सुई, पहिल्यांदाच वापरली. आधीच्या सरळ सुईवरून टाके सारखे निसटायचे. हिच्या खोलगट भागात तीन टाके निवांत बसून राहतात, तोवर पुढचे तीन सुलट विणून घ्यायचे, मग हिच्यावरचे तीन विणायचे. ही सुई विणीच्या पुढे धरली की वेणी डावीकडे वळते, मागे धरली की उजवीकडे. माझ्या ४ मिमीच्या सुयांपेक्षा ही किंचित बारीक आहे, त्यामुळे टाके ताणले जात नाहीत. टोक मात्र बोथट; घट्ट विणणाऱ्या बायकांना त्रास होईल. आणि हो, वेण्यांनी वीण आत ओढली जाते, छातीला टाके जास्तच घाला. मी खांद्यावर दोन बटणं ठेवली, बाळाचं डोकं अलगद जातं.